थकबाकीदारांना घरकर्ज कोणी दिलं? एक महामंडळ, एक लाल नकाशा आणि ६२० हा आकडा

होम लोनची चौकशी करायला गेलं की आजकाल पगाराच्याही आधी एक प्रश्न येतो: "सिबिल किती आहे?" भारतात सिबिल ही संस्था २००० साली सुरू झाली. म्हणजे गोष्ट तशी कालचीच. पण एवढ्यात तो ३०० ते ९०० मधला आकडा आपल्या बोलण्यात असा काही मुरलाय, की 'त्याचा स्कोअर खराब आहे' हे वाक्य आपण 'त्याची तब्येत बरी नाही' इतक्या सहज म्हणून जातो. जणू स्कोअर माणसाच्या अंगातच असतो आणि बँक फक्त थर्मामीटर लावते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने नेमकं इथे थांबायला हवं. कर्जाला लायक कोण, हे ठरवण्याची पद्धत कोणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी अडचणीवर उपाय म्हणून बनवलेली असते. स्कोअरच्या या पद्धतीचं माहेर अमेरिका. म्हणून आज तिथल्या गृहकर्जाच्या इतिहासातले काही टप्पे पाहू. आणि ते पाहताना एक गोष्ट सतत डोळ्यांसमोर ठेवू: एखादा दस्तऐवज सापडणं वेगळं आणि त्या दस्तऐवजामुळे काही घडलं हे सिद्ध होणं वेगळं. पेट किंवा नेट पार करून सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या अनेकांचा पाय इथेच अडकतो.

१. दहा लाख थकबाकीदार

१९२० च्या दशकातलं अमेरिकन गृहकर्ज आजच्यासारखं नव्हतं. बँकांची बरीच कर्जं तीन ते पाच वर्षांची असायची. घराच्या किमतीच्या साधारण निम्मीच रक्कम मिळायची. मुदतीत अनेकदा फक्त व्याज भरायचं आणि शेवटी मुद्दल एकरकमी. ते कोणाकडेच नसायचं, म्हणून कर्ज नव्याने करून घ्यायचं. सगळं सुरळीत असेपर्यंत ही पद्धत चालून गेली.

१९२९ नंतर महामंदी आली. नोकऱ्या गेल्या, घरांच्या किमती पडल्या आणि बँकाच बुडायला लागल्या. मुदत संपली की बँक म्हणायची, आता नव्याने कर्ज नाही, मुद्दल टाका. अगदी नियमित व्याज भरणारा माणूसही अशाने एका दिवसात थकबाकीदार व्हायचा. १९३३ च्या सुमाराला देशात रोज हजारभर घरांवर जप्ती येत होती.

जून १९३३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने 'होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन' स्थापन केलं. आपण त्याला नुसतं महामंडळ म्हणू. त्याचं काम सोपं होतं. बँकेकडून थकलेलं कर्ज घ्यायचं, बदल्यात बँकेला सरकारी पाठबळ असलेले रोखे द्यायचे आणि घरमालकाला नवं कर्ज करून द्यायचं. हे नवं कर्ज पंधरा वर्षांचं, पाच टक्के व्याजाचं, घराच्या ठरवलेल्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत. महत्त्वाचं म्हणजे दर महिन्याच्या हप्त्यात व्याजाबरोबर मुद्दलही फिटत जाणार. शेवटी एकरकमी डोंगर नाही.

आता कर्जदार कोण होते ते बघा. लोवेल हॅरिस या अर्थशास्त्रज्ञाने १९५१ साली या महामंडळाचा सविस्तर इतिहास लिहिला. त्यात दिसतं की सर्वसाधारण कर्जदाराचे आधीच्या कर्जाचे सुमारे दोन वर्षांचे पैसे थकलेले होते आणि घराचा करसुद्धा दोन-तीन वर्षं भरलेला नव्हता. तेव्हा स्कोअर नावाची चीज नव्हती. पण आजचा कुठलाही स्कोअर लावला असता तर ही मंडळी तळाला गेली असती.

अर्ज आले सुमारे १९ लाख. १९३३ ते १९३६ या तीन वर्षांत १० लाखांहून अधिक कर्जं दिली गेली, एकूण ३ अब्ज डॉलरच्या वर. शेतीवरची घरं सोडली तर देशात मालक स्वतः राहत असलेल्या दर दहा घरांपैकी एकावर या महामंडळाचं कर्ज होतं. पुढे काय झालं? सुमारे दोन लाख घरं महामंडळाला ताब्यात घ्यावी लागली. म्हणजे पाचातलं एक. उरलेली चार वाचली. १९३९ मध्ये मुदत पंचवीस वर्षांपर्यंत वाढवायची सोयही झाली. १९५१ मध्ये महामंडळ गुंडाळलं तेव्हा हिशेबाच्या वहीत थोडा नफाच होता. प्राइस फिशबॅक, जोनाथन रोज आणि केनेथ स्नोडन यांचं 'वेल वर्थ सेव्हिंग' हे २०१३ चं पुस्तक सरकारी हमीची किंमत धरून या नफ्याच्या जागी लहानसा तोटा दाखवतं. पण तो लहानच आहे.

यावरून 'थकबाकीदारांना बिनधास्त कर्ज द्या' असा निष्कर्ष काढलात, तर गाईड पहिल्याच पानावर लाल पेनाने खूण करतील आणि ते बरोबरच असेल. महामंडळाने लाखो अर्ज मान्य केले नव्हते. ज्यांची परतफेडीची शक्यता दिसत नव्हती त्यांना नकार मिळत होता. शिवाय पुढे अर्थव्यवस्था सावरली, युद्धकाळात रोजगार वाढला. त्याचा वाटा वेगळा काढावा लागेल.

पण एवढं मात्र म्हणता येतं: तीच माणसं, तीच घरं; कर्जाच्या अटी बदलल्या आणि बहुतेकांनी पैसे फेडले. म्हणजे थकबाकीच्या नोंदीत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, कर्जदार कसा होता. दोन, कर्ज कसं होतं. नोंद मात्र एकट्या कर्जदाराच्या नावावर होते.

२. लाल नकाशा

आता गंमत बघा. ज्या महामंडळाने हे काम केलं, त्याचं नाव आज अमेरिकेत वेगळ्याच कारणाने घेतलं जातं: 'रेडलायनिंग', म्हणजे वस्तीभोवती लाल रेघ मारून तिथे कर्ज नाकारणं.

कारण असं. १९३५ ते १९४० दरम्यान महामंडळाने दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे बनवून घेतले. प्रत्येक वस्तीला चारपैकी एक श्रेणी. हिरवा म्हणजे उत्तम, निळा म्हणजे अजून चांगला, पिवळा म्हणजे उतरणीला लागलेला आणि लाल म्हणजे धोकादायक. प्रत्येक वस्तीसाठी एक छापील फॉर्म होता. त्यात घरांचं वय, भाडं, रहिवाशांचा व्यवसाय हे तर होतंच. पण परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण किती, कृष्णवर्णीय किती, कोणाची 'घुसखोरी' सुरू आहे का, हेही रकाने होते. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळपास सगळीकडे लाल रंगात गेल्या.

हे नकाशे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात होते. इतिहासकार केनेथ जॅक्सन यांनी ते उजेडात आणले, आधी १९८० च्या एका लेखातून आणि मग १९८५ च्या 'क्रॅबग्रास फ्रंटियर' या पुस्तकातून. त्यांचं म्हणणं, शहराच्या भागांना असे रंग लावायची पद्धत महामंडळाने सरकारी पातळीवर पक्की केली आणि ती पुढे बँका आणि इतर सरकारी खात्यांत गेली. हा युक्तिवाद प्रचंड गाजला. पण सांगता सांगता तो आखडत गेला आणि 'महामंडळाने लाल नकाशे काढले आणि तिथे कर्ज नाकारलं' एवढाच उरला.

२००३ मध्ये एमी हिलियर यांनी एक साधा प्रश्न विचारला: तारखा जुळतात का? महामंडळाने नवे अर्ज घेणं १९३५ च्या मध्यात थांबवलं, कर्जवाटप १९३६ च्या मध्यात संपलं. बहुतेक नकाशे त्यानंतरचे. जो नकाशा अजून काढलेलाच नाही, तो बघून कर्ज नाकारणार कसं? फिलाडेल्फियाच्या नोंदी तपासल्यावर पुढे लाल ठरलेल्या भागांतही महामंडळाची कर्जं सापडली. खरं तर महामंडळाने खालच्या श्रेणीच्या वस्त्यांतही कर्ज दिल्याचं जॅक्सन यांनी स्वतःच नोंदवलं होतं. पुन्हा पुन्हा सांगण्यात ते वाक्य गळून पडलं.

मग वर्णभेद झालाच नाही का? झाला, आणि भरपूर झाला. पण मुख्य गुन्ह्याची जागा वेगळी आहे. १९३४ मध्ये 'फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन' हे दुसरं खातं स्थापन झालं. ते स्वतः कर्ज देत नव्हतं, खाजगी बँकांनी दिलेल्या गृहकर्जाला विमा देत होतं. विमा मिळाला की बँक निर्धास्त. कर्जदाराला लांब मुदत, कमी हप्ता. या खात्याच्या मूल्यांकनाच्या नियमपुस्तिकेत घर, वस्ती आणि कर्जदार यांना वेगवेगळे गुण देण्याची पद्धत होती. वस्तीच्या गुणांत 'विसंगत' वंशाचे लोक शेजारी येण्याची शक्यता हा चक्क तोट्याचा मुद्दा होता, आणि घरं ठरावीक वंशाच्या लोकांनाच विकण्याच्या करारांची शिफारस केलेली होती. फिशबॅक आणि सहकाऱ्यांचं अलीकडचं काम सांगतं की महामंडळाने कृष्णवर्णीय वस्त्यांत बऱ्यापैकी कर्जं दिली, पण या विमा खात्याने त्यांना सुरुवातीपासूनच बहुतांशी वगळलं. त्यासाठी त्याला महामंडळाच्या नकाशाची गरज नव्हती.

मग बोट महामंडळाकडेच का जातं? एक कारण साधं आहे: त्याचे नकाशे टिकले. रंगीत आहेत, डोळ्यांत भरतात. २०१६ पासून रिचमंड विद्यापीठाच्या 'मॅपिंग इनइक्वॅलिटी' प्रकल्पाने ते कोणालाही फुकट पाहता येतात. जे कागद टिकतात आणि सुंदर दिसतात, त्यांच्याभोवती इतिहास गोळा होतो.

वाद मात्र संपलेला नाही. शिकागो फेडरल रिझर्व्ह बँकेच्या ॲरनसन, हार्टली आणि मझुमदार या अभ्यासकांनी नकाशावरच्या सीमारेषांच्या दोन्ही बाजूंच्या वस्त्यांची तुलना केली. खालच्या श्रेणीच्या बाजूला पुढची कित्येक दशकं घरमालकीचं प्रमाण आणि घरांच्या किमती कमी राहिल्याचं त्यांना दिसलं. मग ती रेघ या फरकाचं कारण होती, की आधीच असलेल्या फरकाची खूण? तुम्ही कोणाच्या बाजूने उभे राहता यापेक्षा, हा प्रश्न कागदाकडे नुसतं बघून सुटत नाही हे लक्षात येणं महत्त्वाचं.

३. नोंद न होणारे हप्ते

विमा खात्याने दार लावलं तर लोकांनी घरं घेतलीच नाहीत का? घेतली, पण वेगळ्या वाटेने. शिकागोच्या नॉर्थ लॉनडेल भागात १९५० आणि ६० च्या दशकांत हजारो कृष्णवर्णीय कुटुंबांनी 'कंत्राटावर' घरं घेतली. घर विकत घेणाऱ्याच्या नावावर शेवटचा हप्ता फिटेपर्यंत होत नसे. किंमत बाजारभावाच्या कितीतरी वर. एखादा हप्ता चुकला तरी विकणारा घर परत घेऊ शकत असे, आणि भरलेले पैसे गेले ते गेलेच. १९६८ मध्ये या लोकांनी 'कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग' ही संघटना काढून हप्ते रोखले आणि कोर्टात गेले. बेरिल सॅटर यांच्या 'फॅमिली प्रॉपर्टीज' या २००९ च्या पुस्तकात हा लढा सविस्तर आला आहे.

आपल्या विषयाशी याचा संबंध काय? ही माणसं वर्षानुवर्षं दर महिन्याला मोठे हप्ते भरत होती. शिस्तीत कमी नव्हती. पण त्यांच्या नावावर ना गहाणखत, ना वाढत जाणारा मालकीहक्क. पैसे गेले आणि मागे पत तयार झाली नाही. आजही अमेरिकेत बहुतेकांच्या क्रेडिटच्या नोंदीत नियमित भरलेलं घरभाडं दिसत नाही. 'इतिहास नाही' असं जेव्हा एखादा अहवाल म्हणतो, तेव्हा अनेकदा त्याचा अर्थ असतो: इतिहास आहे, पण आमच्या वहीत तो लिहायला रकाना नव्हता.

४. ६२० चा उंबरठा

१९५६ मध्ये कॅलिफोर्नियात बिल फेअर आणि अर्ल आयझॅक, एक इंजिनिअर आणि एक गणिती, यांनी एक कंपनी काढली. कल्पना अशी की जुन्या कर्जांच्या आकडेवारीवरून नवा कर्जदार फेडेल की नाही याचा अंदाज बांधायचा. १९६८ ते १९७७ या काळात कायदे आले: घरांच्या व्यवहारात वंशभेदाला बंदी, मग कर्जात लिंगभेदाला आणि पुढे वंशभेदाला बंदी, बँकांनी गृहकर्जाची आकडेवारी जाहीर करण्याची सक्ती. अशा वातावरणात 'आम्ही माणूस बघत नाही, आकडा बघतो' हे म्हणणं बँकांच्या सोयीचं होतं. आणि काही अंशी ते खरंही होतं. स्कोअरमध्ये वंश नसतो, पत्ताही नसतो. आपल्या ओळखीच्याच माणसाला कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्याच्या मर्जीपेक्षा आकडा अनेकांना न्याय्य वाटला.

१९८९ मध्ये या कंपनीचा सर्वसाधारण 'फायको' स्कोअर आला. तो होता मुख्यतः क्रेडिट कार्ड आणि वाहनकर्ज यांसारख्या कर्जांसाठी. गृहकर्जात तो रुजला १९९५ पासून, जेव्हा बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फ्रेडी मॅक आणि फॅनी मे या दोन मोठ्या संस्थांनी त्याची शिफारस केली. फ्रेडी मॅकच्या सूचनेचा मथितार्थ असा: ६६० च्या वर असेल तर साधी तपासणी, ६२० ते ६६० असेल तर सविस्तर तपासणी आणि ६२० च्या खाली असेल तर फार जपून. नीट पाहा, ६१९ वाल्याला कर्ज देऊच नका असं यात नाही. त्याच्याकडे जास्त लक्ष देऊन बघा, असं आहे. पण व्यवहारात ६२० हा उंबरठा झाला.

२००८ च्या संकटानंतर कीज, मुखर्जी, सेरू आणि विग या चार अर्थशास्त्रज्ञांना एक विचित्र गोष्ट दिसली. कमी कागदपत्रांवर दिलेल्या कर्जांत ६२० च्या किंचित वरचे कर्जदार ६२० च्या किंचित खालच्यांपेक्षा जास्त बुडाले होते. उलटं व्हायला हवं होतं ना? त्यांचं स्पष्टीकरण: ६२० च्या वरची कर्जं पुढे गुंतवणूकदारांना विकणं सोपं, म्हणून बँकांनी ती तपासलीच नाहीत. रायन बब आणि ॲलेक्स कॉफमन यांनी त्यावर आक्षेप घेतला. बँकांनी १९९५ च्या सूचनेप्रमाणे ६२० हा स्वतःच्या तपासणीचा उंबरठा केला होता. खालच्यांची चौकशी कसून झाली म्हणून त्यांच्यातले निवडलेले लोक बरे निघाले. आणि न विकलेल्या कर्जांतही हेच दिसतं.

वाद ओळखीचा वाटतोय का? लाल नकाशाचाच वाद आहे हा. आकडा सगळ्यांसमोर आहे, भांडण आहे ते तो कोणी, कधी, कशासाठी वापरला यावर. आणि मधल्या मधे ६१९ वाल्या माणसाबद्दल एक गोष्ट कळली: कोणीतरी बसून त्याचे कागद नीट वाचले, तर त्यातून फेडणारे निवडता येतात. १९३३ च्या महामंडळाचा अनुभव यापेक्षा फार वेगळा नव्हता.

एक शेवटचा वळसा. आज अमेरिकेत कमी स्कोअरवर गृहकर्ज हवं असेल तर पहिलं दार कोणतं सांगतात? त्याच विमा खात्याचं. २०१० पासूनच्या त्याच्या नियमानुसार ५८० किंवा जास्त स्कोअर असेल तर घराच्या किमतीच्या साडेतीन टक्के पदरचे भरून विमा मिळू शकतो, ५०० ते ५७९ असेल तर दहा टक्के भरून. अर्थात बँका त्याच्यावर आपल्या कडक अटी घालू शकतात. ज्या खात्याने कधी अख्ख्या वस्त्या वगळल्या, त्याच्याच खिडकीवर आज स्कोअर कमी असलेले लोक रांग लावतात. संस्थेचं नाव तेच राहतं, काम बदलतं. म्हणून प्रबंधात 'अमुक संस्थेने लोकांना वगळलं' असं लिहिताना सोबत साल लिहायलाच हवं.

५. तुमच्या सिनॉप्सिससाठी

समजा, तुम्ही तुमच्या तालुक्यातल्या एखाद्या पतसंस्थेवर काम करताय आणि तुम्हाला थकबाकीदारांची जुनी यादी सापडली. मोह असा होतो की लगेच लिहावं: 'या यादीमुळे अमुक समाजाला कर्ज नाकारलं गेलं.' तसं असेलही. पण आधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, तारीख. यादी कर्जवाटपाच्या आधीची की नंतरची? हिलियर यांनी एवढ्यावरच एक रुळलेली समजूत हलवली.

दुसरी, हात. यादी कोणाच्या हातात गेली? संचालक मंडळाच्या इतिवृत्तात तिचा उल्लेख आहे का? कर्जाच्या अर्जावर कोणी शेरा मारलाय का? यादीत नाव असूनही पुढे कोणाला कर्ज मिळालंय का? असं एक नाव सापडलं तरी तुमचा युक्तिवाद बदलेल, आणि बहुतेक वेळा तो जास्त चांगला होईल. जामीनदार कोण होता ते बघा, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा कधी चढला आणि कधी उतरला ते बघा.

तिसरी, रकाना. यादीत जे लोक येऊच शकले नाहीत ते कोण? ज्यांनी कधी अर्जच केला नाही, ज्यांना जामीनदार मिळाला नाही, ज्यांच्या नावावर जमीन नव्हती. थकबाकीदार व्हायलासुद्धा आधी कर्ज मिळावं लागतं.

ही तिसरी गोष्ट सगळ्यात कठीण, कारण तिचा कागद सापडत नाही. त्यासाठी दफ्तराच्या बाहेर पडून माणसांशी बोलावं लागतं, आणि ती माणसं आता म्हातारी होत चालली आहेत. म्हणून मौखिक मुलाखतींचं प्रकरण शेवटच्या वर्षावर ढकलू नका. सिनॉप्सिस मंजूर झाला की पहिल्या सहा महिन्यांतच कामाला लागा.